चांगुणाने नाव घेतलं

नाशिक, मार्च १९७९

श्री. भिकनराव यांस,

सायखेड्याच्या शाळेत आम्ही मुलं एका सुरात कविता म्हणायचो, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्याच चालीवर मी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात बायकांना वाचायला शिकवलं. तुमची बायको चांगुणा विड्या वळून यायची आणि पदराआडून पुटपुटायची.

आज संध्याकाळी वर्गाचं नाटक आहे. त्यात ती दारुड्या नवऱ्याला म्हणते, "गणप्या, हात खाली घे." काल तालमीत तिच्या तोंडून निघालं, "भिकन, हात खाली घे." नवऱ्याचं नाव कधी न घेतलेली ती म्हणाली, "मास्तर, आता ह्येच म्हननार."

तुम्ही नाटकाला काठी घेऊन येणार असं ऐकलं. तोंडावर बोलायचा धीर नाही, म्हणून लिहितो. मला फार भीती वाटते, तिच्यासाठी जास्त. राग काढायचाच तर माझ्यावर काढा.

आपला,
वर्गाचा म्हातारा मास्तर

ता.क. आत्ता दार वाजलं. तुम्हीच असाल असं वाटलं, तरी कडी काढली. दारात तुमच्या आई होत्या. म्हणाल्या, "भिकन आला तर माझ्याशेजारी बसंल. पन तिला सांगा मास्तर, नाव मोठ्यानं घे. मला कमी ऐकू येतंय."