बर्फाची रेई, बंदराची पोर

तोक्यो, ५ ऑक्टोबर

ती. तोमिए आत्यास,
कोहारुचा सा. न. वि. वि.

इकडे झाडांची पानं अजून हिरवी आहेत, पण तुझी भाची आता कोहारु राहिलेली नाही. गाण्याच्या कंपनीने माझं नाव ‘रेई’ ठेवलंय. रेईला गाव नाही, नातलग नाहीत, भूक नाही. पांढरे कपडे घालायचे, हसायचं नाही, चारचौघांत खायचं नाही. माझी प्रतिमा सांभाळणारे कुसाकाबे साहेब म्हणतात की ही थेट बर्फातून आली असं लोकांना वाटलं पाहिजे. मी उत्तरेतल्या हाचिनोहे बंदराची, तिथेही बर्फच असतो, असं मी म्हटलं, तर म्हणाले की त्या बर्फाला मासळीचा वास येतो.

गाणंही तसंच, कानात कुजबुजल्यासारखं. गळ्यातली ती हेलकावत जाणारी हरकत त्यांनी काढायला लावली. हे गाणं आहे, जाळं ओढणं नव्हे, म्हणाले. पहिली दोन गाणी पडली, आता माझं कोण ऐकणार? हे तिसरं नोव्हेंबरात येतंय. तेही पडलं तर मार्चनंतर करार नाही. कंपनीने माझा फोन काढून घेतलाय, म्हणून पत्र. आपलं नातं कुणाला सांगू नकोस. सोबत माझं पोस्टर आहे.

लोभ आहेच, त्यासोबत आपल्या बंदरातली मासळी, सुकवलेला माकूळही पाठवावा. लपून खाईन.

तुझी,
कोहारु


हाचिनोहे, १४ ऑक्टोबर

चि. कोहारु हिस,
तोमिए आत्याचे अ. आ.

पोस्टर माझ्या बारच्या काउंटरमागे लावलं. आपल्या ओकुदेरा कप्तानाने बराच वेळ निरखून बघितलं आणि विचारलं की ही सर्दीच्या औषधाची जाहिरात का. नातं सांगू नको म्हणतेस, पण मच्छीमार सोसायटीने बाजाराच्या दारावर ‘आमची कोहारु’ असं भलंमोठं कापड आधीच फडकवलं होतं. उतरवलं बाई. आता ते माकळांच्या खोक्यांवर घालतात, तेव्हा तुझी कीर्ती बाजारात टिकून आहे.

हरकतीचं मात्र वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्या काउंटरमागे बसून माकूळ सोलता सोलता, गिऱ्हाइकांची गाणी ऐकून तू ती उचललीस. कुणी मुद्दाम शिकवली नव्हती. असो, पदरी पडलं पवित्र झालं. सांगतील तसं गा, आणि दिवसातून एकदा न्हाणीघरात जाऊन पोटभर हसून घे.

माकूळ पाठवलाय. बर्फाच्या बाईने खाल्ल्यावर खिडकी उघडावी, आणि आत्याची आठवण ठेवावी.

तोमिए आत्या


तोक्यो, १० डिसेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

गाणं पडलं. कुसाकाबे साहेब रोज कराओकेचे आकडे बघतात. लोक बारमध्ये स्वतः जे गातात तेच पुढे चालतं, असा त्यांचा हिशेब. माझं कुणी गातच नाही. गाणार काय? त्यात श्वासाखेरीज काही ठेवलेलंच नाही.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. परवा खोलीचं दार लावून आपल्याकडचं जुनं गाणं म्हणून पाहिलं. हरकत आली नाही. गळा तिथपर्यंत जातो आणि सभ्यपणे थांबतो. आत्या, मला भीती वाटते. करार जायचा तर जाऊ दे. पण मार्चमध्ये परत आले आणि गळाही रिकामाच असला, तर मी कोण म्हणून तुझ्या दारात उभी राहू?

गिऱ्हाइकांना माझं गाणं लावायची बळजबरी करू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
कोहारु


हाचिनोहे, २० जानेवारी

चि. कोहारु हिस अ. आ.

नव्या वर्षाचे मोची, ते चिकट तांदळाचे गोळे, कुणाच्याही घशात न अडकता पार पडले. बळजबरी मुळीच केली नाही. तुझं गाणं म्हटल्याशिवाय दुसरा ग्लास मिळणार नाही, एवढंच सांगितलं. ओकुदेराने आधी माईक आपटून मशीन बिघडलंय का विचारलं. मग वैतागून, तू जिथे श्वास सोडतेस तिथे त्याने सरळ हेलकावे घ्यायला सुरुवात केली. अख्खं काउंटर वाट्या बडवायला लागलं. आता रोज तेच चालतं.

गेल्या आठवड्यात पातळ तळाच्या बुटांतला एक गृहस्थ दारातल्या बर्फावर घसरून आत आला. तुझे कुसाकाबे साहेब! कराओकेच्या आकड्यांप्रमाणे साऱ्या देशात हे गाणं एकाच बारमध्ये गायलं जातंय, तो कुठला हे बघायला आले होते. ओकुदेरा काही सुरात नव्हता, पण साहेब सेनबेइच्या चकत्या घातलेलं सूप दोनदा मागून घेत ऐकत राहिले. मग विचारलं की ही हरकत कुणाची. मी म्हटलं, पोरीची. तिथे तुम्ही काढून ठेवायला लावलीत, इथे आम्ही वापरात ठेवली. त्यांनी मान खाली घातली. माणूस वाईट नाही, फक्त बूट चुकीचे घालतो.

गळा असा रिकामा होत नसतो. आणि झालाच, तरी माझ्या दारातून तू कोहारु म्हणूनच आत येशील. हे लिहिताना डोळे भरून आले, पण कांदा चिरत होते असं समज.

तोमिए आत्या


तोक्यो, १२ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

रेई वारली. आता मी ‘बंदराची पोर’. रबरी बूट, मासळीवालीचा एप्रन, कमरेला माकळाच्या आकाराचा बटवा. आधी न हसण्याचा हुकूम होता, आता गाल दुखेस्तोवर हसण्याचा. टीव्हीवर सांगायचं की माझं बालपण बोटीवर गेलं. बोटीवर चढले की माझ्या पोटाचं काय व्हायचं, ते ओकुदेरा काकांनी कृपया बोलू नये. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

पण साहेबांनी त्याच गाण्यात हरकतीला जागा करून दिली, ते खरं. रेकॉर्डिंगला मात्र ती आली नाही. मार्चमध्ये आपल्याच बंदरावर कार्यक्रम ठरलाय. तिथे जमलं तर करार पुढे, नाहीतर सामान बांधायचं. साहेबांची तुला विनंती आहे की पोशाख लोकांना कसा वाटतो ते नीट बघून कळवावं.

आशीर्वाद असावा, या वेळी जरा जास्तच असावा.

तुझी,
कोहारु


हाचिनोहे, २४ मार्च

चि. कोहारु हिस अ. आ.

करार वाढला हे तू स्टेशनवर सांगितलंस आणि लगेच गाडी सुटली, म्हणून लिहिते.

पहिल्या कडव्यात तू घाबरलेली होतीस. लोक तुझे बूट बघत होते, मासळीवाल्या तुझ्या एप्रनच्या गाठीवरून कुजबुजत होत्या. मग दुसऱ्या कडव्यात ती आली. आधी अडखळली, मग सुटली आणि धक्क्याच्या टोकापर्यंत गेली. मला फार बरं वाटलं, पोरी. साहेबांचं काम म्हणून मी आजूबाजूला नजर फिरवली. ओकुदेराने डोळे मिटले होते. मासळीवाल्यांनी मिटले होते. कुसाकाबे साहेब स्टेजच्या कडेला उभे होते, त्यांचेही मिटलेले. सगळ्यांत शेवटी मी मिटले.

तेव्हा साहेबांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, पोशाख कसा दिसला ते कळवता येत नाही. बघायला कुणी उरलं नव्हतं.

तुझीच,
तोमिए आत्या