सहयोगीशी माझे घरोब्याचे संबंध

४ जानेवारी, सकाळ
नव्या वर्षाचा संकल्प म्हणून रोजनिशी. पहिले तीन दिवस वही शोधण्यात गेले.
पंख्याच्या कंपनीचा मेल आला. खोक्यांचा वार्षिक करार यंदापासून माणसाशी बोलून ठरणार नाही. ‘सहयोगी’ नावाची एक कृत्रिम बुद्धिमत्ता खरेदीसाठी नेमली आहे. तिच्याशी कॉम्प्युटरवर टाइप करून बोलायचं, दर ठरवायचा. नवा करार एप्रिलपासून.
आपल्या खोक्यांच्या कारखान्याचे हिशेब बायको बघते. तिने मेल दोनदा वाचला. म्हणाली, हा करार गेला तर काय करायचं? मी म्हटलं, एकोणीस वर्षं त्यांचे पंखे माझ्या खोक्यात बसून जगभर गेलेत. संबंध म्हणून काही असतं की नाही? शिवाय बाकीची गिऱ्हाइकं आहेतच. त्यावर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. बायकांना धंद्यातलं लांबचं दिसत नाही.

५ जानेवारी
इतकी वर्षं ज्याच्याशी दर ठरवला त्या खरेदीसाहेबाला फोन केला. कंपनीत तो साहेब, पण आमचं नातं अरे-तुरेचं. म्हणाला, घाबरू नकोस, ते यंत्र अजून शिकतंय. कोण शिकवतंय, असं विचारलं तर फोन कट झाला. रेंज नसणार.

१२ जानेवारी, दुपारी
आज सहयोगीची पहिली भेट. स्वच्छ शर्ट घातला. बायको म्हणाली, तो बघणार आहे का? तो बघत नसेल, पण मी बघतो ना.
माझी पद्धत इथे लिहून ठेवतो, पुढच्या पिढीला उपयोगी पडेल. खऱ्या दरावर अठरा टक्के चढवून सांगायचं. खरेदीसाहेब म्हणतो, तीस टक्के उतरव. मी कपाळाला हात लावतो. मग मुलीचं लग्न काढतो. मग बॅग उचलतो आणि उठतो. दाराच्या चौकटीपर्यंत पोचलो की साहेब म्हणतो, बस रे, चहा तरी घे. चहा संपेपर्यंत दोघेही खऱ्या दरावर आलेले असतो. एकोणीस वर्षांत ती चौकट मी एकदाही ओलांडलेली नाही. याला म्हणतात व्यवसायकौशल्य.
सहयोगी अतिशय सुसंस्कृत. ‘आपल्याशी बोलून आनंद झाला’ असं म्हणाला. एकोणीस वर्षांत खरेदीसाहेबाच्या तोंडून हे वाक्य कधी आलं नाही. मी अठरा टक्के चढवून दर सांगितला. त्याने धन्यवाद दिले. घासाघीस नाही, काही नाही. पोरगं भोळं दिसतंय.

१३ जानेवारी
भोळं नाही. विचारतो, गेल्या चार महिन्यांत कागदाचा भाव उतरला आहे, तर आपला दर चढला कसा? खाली एक आलेख.
मी लिहिलं, आलेख कोणीही काढतो, माझ्याकडे या आणि पुठ्ठ्याला हात लावून बघा. त्याने लिहिलं की त्याला हात नाहीत. किती नम्रपणा. मला तर तो आवडायला लागला.

१९ जानेवारी
निश्चय: आधी संबंध, मग दर. रोज सकाळी सहयोगीची चौकशी करायची.
आज विचारलं, जेवण झालं का? म्हणाला, मी जेवत नाही, पण आपण आपुलकीने विचारलंत याबद्दल आभार. खरेदीसाहेब फोन उचलायला तीन दिवस लावायचा. हा क्षणात उत्तर देतो. बायकोला सांगितलं, बघ, याला म्हणतात माणुसकी.

२५ जानेवारी
वरच्या गल्लीतला खोकीवालाही या कराराच्या मागे आहे. त्याच्या खोक्यांची पिन निघते आणि बूड सुटतं, हे सगळ्यांना माहीत आहे. सहयोगीला विश्वासात घेऊन सांगितलं. वर लिहिलं, हे आपल्यातच ठेवा.

२६ जानेवारी
वरच्या गल्लीवाल्याचा फोन. सहयोगीने त्याला विचारलं म्हणे की, एका पुरवठादाराने आपल्या खोक्यांच्या पिनांबद्दल शंका काढली आहे, तर कृपया तपासणीचा अहवाल पाठवा. तो मला म्हणाला, हा पुरवठादार कोण असेल रे? मी म्हटलं, जग फार वाईट आहे. दहा मिनिटं दोघांनी मिळून त्या अज्ञात नालायकाला शिव्या दिल्या.
सहयोगीने असं करायला नको होतं. पण वयाने लहान आहे. सांभाळून घेतलं पाहिजे.

३ फेब्रुवारी
मुलीचं लग्न काढलं. लिहिलं, एप्रिलमध्ये एकुलत्या एक मुलीचं कार्य आहे, बापाच्या परिस्थितीचा विचार व्हावा. खरेदीसाहेबाकडे हे लग्न पाच वेळा लावलंय. त्यालाही ठाऊक होतं की मुलीला आता दोन मुलं आहेत. पण रीत ती रीत. तो हळहळायचा आणि मी अर्धा टक्का पदरात पाडून घ्यायचो.
सहयोगीने अभिनंदन केलं. मग विचारलं, लग्नकार्यामुळे एप्रिलमध्ये पुरवठ्यात खंड पडण्याची शक्यता आहे का? आणि माझ्या नावापुढे ‘जोखीम: मध्यम’ असं आलं.

४ फेब्रुवारी
नाइलाज. लग्न मोडल्याचं कळवलं.
सहयोगीला वाईट वाटलं. तसं त्याने लिहिलं. जोखीम पुन्हा ‘कमी’ झाली. हुश्श केलं, तर मागे बायको उभी. विचारलं, कुणाचं मोडलं? खरं सांगितलं. संध्याकाळी मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, तुमच्या खोक्यांसाठी आमचा संसार मोडू नका. जावईही मागे हसत होते. घरातलीच माणसं पाठीत वार करतात. या घरात एक गोष्ट पोटात राहत नाही.

११ फेब्रुवारी
सहयोगीने त्याचा दर सांगितला. माझ्या खऱ्या दरापेक्षा चार टक्के खाली. या भावात पुठ्ठाही येत नाही, गोंद तर सोडाच. बायको म्हणाली, त्याला खरा दर लिहा, कागद, छपाई, मजुरी सगळं मांडून. मी म्हटलं, खरा दर सुरुवातीला सांगतात का कुठे? तो शेवटी चहाबरोबर येतो.
नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. आता हुकमाचं पान.

१२ फेब्रुवारी, सकाळी
उठलो. म्हणजे टाइप केलं: ‘मग राहू द्या. आपलं जमायचं नाही. नमस्कार.’ आणि लॅपटॉप बंद केला. बॅग मांडीवर घेऊन बसलो, सवयीने.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
उघडून बघितलं. उत्तर आलं होतं: ‘आपण प्रस्ताव मागे घेतल्याची नोंद केली आहे. आपल्याला मनःपूर्वक शुभेच्छा.’
रागावलाय. मनाला लागलं त्याच्या. फार ताणलं बहुतेक.

१५ फेब्रुवारी
अजून बोलावणं नाही. फोन आंघोळीलाही नेतो. बायको म्हणाली, तुम्हीच लिहा की. मी म्हटलं, ज्याने पहिलं तोंड उघडलं तो हरला, हा धंद्यातला पहिला धडा आहे. ती म्हणाली, त्याला तोंडच नाही.

२३ फेब्रुवारी
कारखान्यात सध्या स्वच्छता मोहीम चालू आहे. कामगारांनी छपाईचं मशीन पुसलं, मग कटिंगचं पुसलं, मग पुन्हा छपाईचं. मार्चपर्यंतच्या ऑर्डरी आगाऊच काढून झाल्यात. पुढचं हातात काही नाही, म्हणून जरा निवांतपणा. बाकीच्या गिऱ्हाइकांना फोन करायचा विचार होता, पण नंबर जुन्या मोबाइलमध्ये आहेत.

१ मार्च
कटिंगवाला वरच्या गल्लीत गेला. चौदा वर्षं माझ्याकडे होता. म्हणाला, शेठ, मशीन पुसून पुसून हाताला फोड आले, आणि तिकडे तर भरती चालू आहे. त्याला कामाला मीच लावलं, ब्लेड कसं धरायचं ते मीच शिकवलं. गरज सरो, वैद्य मरो. पण जाताना माझ्या पाया पडला, ते मात्र बरं वाटलं. नंतर त्याचं मशीन मीच पुसलं.

४ मार्च
कंपनीच्या गेटवर गेलो. पुरवठादारांच्या भेटी बंद, असं गेटवाला म्हणाला. मला ओळखतो, तरी म्हणाला. काचेतून आत बघितलं. आम्ही जिथे ताटकळत बसायचो, त्या खोलीत आता जास्तीच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्यात.
खरेदीसाहेब फोन उचलत नाही. आजारी असणार. माझ्यावर संकट आलंय आणि तो गप्प बसेल, हे शक्य नाही. त्याच्या वडिलांच्या ऑपरेशनला मी रक्त दिलंय.

८ मार्च
साहेबाच्या घरी गेलो. आजारी नव्हता. दार त्यानेच उघडलं आणि मला बघून चप्पल शोधायला लागला. घराबाहेर कट्ट्यावर बसलो.
मी सहयोगीबद्दल तक्रार सुरू केली. बोलणं गोड आहे, पण मन नाही रे त्याला. मी उठलो तर साधं थांबवलंही नाही. साहेब खाली बघून म्हणाला, ते मीच सांगितलं होतं.
मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. मग त्याने सांगितलं. ऑक्टोबरपासून त्याला एका बिनखिडकीच्या खोलीत बसवलंय. यंत्र प्रश्न विचारतं, हा उत्तरं देतो. एकेक पुरवठादार घेऊन. हा सुरुवातीला किती चढवतो? कुठपर्यंत उतरतो? केव्हा उठतो? थांबवलं नाही तर काय करतो? साहेबाने लिहिलं: अठरा टक्के चढवतो, मुलीचं लग्न सांगतो, उठून जातो, थांबवू नये, परत येतो.
मी म्हटलं, एवढंच ना? रीतच आहे आपली, सगळ्यांनाच माहीत आहे. त्याने चपलेने माती उकरली. मग म्हणाला, यंत्राने पुढे विचारलं, परत का येतो? कारण लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.
काय लिहिलंस, असं विचारलं. म्हणाला, लिहिलं की याला दुसरं गिऱ्हाईक नाही.

८ मार्च, पुढे
हे मी या वहीतसुद्धा लिहिलेलं नाही. बाकीच्या गिऱ्हाइकांपैकी सरबतवाला दोन वर्षांपूर्वी गेला, खेळण्यांवाला त्याच्याही आधी. बायकोला माहीत आहे कारण हिशेब तिच्याकडे, पण ती बोलत नाही आणि मीही नाही. बाहेर एकाच माणसाला सांगितलं होतं. त्याच्या वडिलांना ऑपरेशनला आत नेलं तेव्हा बाकावर तो रडत होता. त्याला धीर द्यायला मी माझंही दुःख सांगितलं. म्हटलं, तुझी कंपनी आहे म्हणून माझं घर चालतंय, दुसरीकडे आता काही नाही. त्याने माझा हात धरला होता.
म्हणाला, मी नसतं सांगितलं तर माझी नोकरी गेली असती. मी विचारलं, आता राहिली का? म्हणाला, मार्चअखेरपर्यंत. यंत्राचं शिकून झालंय.
वाटलं होतं की चिडेन. चिडलो नाही. केसाने गळा कापला म्हणतात ते काय असतं ते कळलं, एवढंच. तो चहा घे म्हणाला. नको म्हटलं आणि निघालो. फाटकापर्यंत आलो तरी त्याने हाक मारली नाही. मारली असती तरी मी थांबलो नसतो, असं मला वाटतं.

९ मार्च
निश्चय: त्या कंपनीचं तोंड पाहायचं नाही. दुसरी गिऱ्हाइकं शोधायची. जगात पंख्यांशिवायही वस्तू आहेत. यादी केली: बूट, औषधं, बल्ब, कपबश्या.

१४ मार्च
बूटवाल्यांकडे सहयोगीचा भाऊ बसलाय, नाव ‘साथी’. औषधवाल्यांकडे ‘मित्रा’. बल्बवाल्यांकडे अजून माणूस आहे, पण तो म्हणाला, मे महिन्यापर्यंत थांबा, आमचंही यंत्र येतंय, उगाच दोनदा बोलणं कशाला? कपबश्यांचा कारखाना बंद पडलाय.

१७ मार्च
अडला हरी गाढवाचे पाय धरी. बायकोने लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला आणि पाणी आणून दिलं. मी लिहिलं, ‘नमस्कार.’
सहयोगी म्हणाला, ‘पुन्हा स्वागत आहे. आपण याल अशी अपेक्षा होती, म्हणून करार राखून ठेवला आहे.’
बायकोने सांगितलं होतं तसं या वेळी सगळं खरं मांडलं. कागद, गोंद, छपाई, मजुरी. वर हेही लिहिलं की या दरात मला काही उरत नाही, विश्वास ठेवा. त्याने उत्तर दिलं, ‘मागील नोंदींनुसार आपण सांगितलेल्या दरात अठरा टक्के वाढ गृहीत धरली जाते.’ आणि तेवढे वजा करून दाखवले. मी लिहिलं, हे मात्र खरं आहे. म्हणाला, हे वाक्यही मागील नोंदींमध्ये आहे.

१८ मार्च
मध्ये कुठेतरी ठरलं. मध्ये म्हणजे त्याच्या बाजूला. छपाईवाला आणि दोन पिनवाले ठेवता येतील. बाकीच्यांना बायको सांगणार आहे, मला जमणार नाही. घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा.
‘मान्य’ असं बटण होतं, ते दाबलं. सहयोगीने अभिनंदन केलं आणि विचारलं की आजच्या चर्चेचा अनुभव कसा वाटला, एक ते पाच स्टार द्या. बायको म्हणाली, निदान इथे तरी खरं लिहा. एकावर बोट नेलं. मग पाच दिले. पुढच्या वर्षी दर ठरवायला पुन्हा तोच असणार.