नळाखालची कोंबडी

शराफिया, जेद्दा

प्रिय शरफुन्निसा, सलाम.

मी बरा आहे. हॉटेलात आता परदेशी मॅनेजरच्या जागी सौदी मॅनेजर आलाय, तरी माझी स्वयंपाक्याची नोकरी शाबूत आहे. काल त्याच्याशी भांडलो. तो म्हणाला, “शौकत, कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नकोस.” मी गरजलो, “न धुतलेलं आम्ही खात नाही!” त्याने कोंबडीला खायचा निळा रंग फासून नळ सोडला. शेजारच्या काकडीवर निळे शिंतोडे! तो म्हणाला, पोट बिघडवणारे साल्मोनेलाचे जंतू असेच उडतात, मरतात ते नीट शिजवल्यावरच. मी ती काकडी कचऱ्यात टाकली.

आपल्या उसामाचं पोट दर शनिवारी बिघडतं, असं तू लिहिलंस. शुक्रवारी कोंबडी धुताना कोशिंबीर जवळच असते का? तीन पाण्यांनी धुवायचा हट्ट माझाच. या शुक्रवारी न धुता शिजव. अम्मी रागावल्या, तर हे पत्र वाचून दाखव, मोठ्याने.

तुझा,
शौकत