गार बटाटे

माझी उम्मी,

तुझ्या दोन्ही हातांचे मुके. बाबांचा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?

मी बरी आहे. इथे ट्यूनिसमध्ये थंडी सरली. पोटाच्या दुखण्यावर आहारवाल्या सिहेमबाईंनी सांगितलेलं तीन महिने न चुकता केलं. बटाटे उकडायचे, दिवसभर गार ठेवायचे आणि गारच खायचे. गार बटाट्यातलं काही पीठ न पचता मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले चांगले जिवाणू त्यावर जगतात, कुणाकुणाची सूज उतरते, असं त्या म्हणाल्या होत्या. माझ्या खोलीतली नजवा म्हणायची, "अगं, मयताच्या घरीसुद्धा याहून गरम वाढतात!" आम्ही खूप हसायचो.

काल तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आतड्याची सूज वाढतच गेली आहे. मी विचारलं, "बटाटे कमी पडले का?"

"नाही पोरी, तू कुठेच चुकली नाहीस. ते खाणारे जिवाणूच तुझ्या पोटात फारसे उरले नाहीत."

मंगळवारी मोठं आतडं काढणार आहेत. शौचासाठी पोटाला बाहेरून पिशवी लागेल, कायमची. लतीफच्या घरी मीच कळवलं. त्यांनी साखरपुड्याची अंगठी परत मागितली नाही, फक्त फोन घेणं बंद केलं.

तू येशीलच. पण या वेळी काही रांधून आणू नकोस, उम्मी. तू डबा उघडशील, मला खाता येणार नाही, आणि तेव्हाचा तुझा चेहरा मला बघवणार नाही.

तुझ्या दुव्यावर जगणारी,
दलांदा