शाल त्याला, थंडी मला

मंगळवार, संध्याकाळ

आज अंधेरीच्या हॉटेलात आमच्या वीजबचत धोरणाची बैठक झाली. मसुदा सगळा मी लिहिला आणि शाल-श्रीफळ मात्र परदेशी तज्ज्ञाला! हॉलमध्ये एसी इतका, की तो तीच शाल पांघरून बसला. मसुद्यातली पहिलीच शिफारस, एसी कमी वापरा. तीही त्यानेच वाचली, शाल घट्ट ओढून. कुणाला हसूसुद्धा येऊ नये?

कुडकुडत साहेबांना म्हटलं, "एसी तरी कमी करा ना."

"अगं, पाहुण्यांना उकडेल."

"आणि मसुद्यावर माझं नाव?"

"तू तर घरचीच. तुला कसलं नाव?"

कांदिवलीला पोचले, तर बिल्डिंगची लाईट गेलेली. घामाने निथळतेय. निमंत्रणपत्रिकेवर त्याचा मोठा फोटो आहे. कागद जाड आहे, वारा बरा लागतो.