दाढ त्यांची, चणे माझे

तीर्थस्वरूप ताईंना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? जिने चढू नका. इकडे मी ठणठणीत आहे. तुमचे बंधू कसे आहेत ते मात्र तुम्हीच कळवा, कारण परवापासून ते तुमच्याकडे गाल धरून बसलेत. (उजवा.) त्यांनी आपली बाजू मांडली असेलच, दाढ दुखली म्हणून तोंड थांबेल असा माणूस नव्हे तो. आता माझी ऐका.

सुरुवात त्यांनीच केली. आपल्यासारखेच दातांचे डॉक्टर जेवायला बोलावले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हिने नुसता डबा उघडला तरी बिस्किटं मऊ पडतात." पाहुणे पोट धरधरून हसले. मीही हसले. (दात दाखवायचेच तर अशा लोकांना दाखवावेत.) पण मनात म्हटलं, थांबा, कुरकुरीत म्हणजे काय ते दाखवतेच. पाहुण्यांची पाठ वळताच पांढरे चणे भिजत घातले.

पहिल्या खेपेला ओव्हनमधून निघाले ते बाहेरून कोळसा, आतून चिखल. दुसऱ्या खेपेला तळायला घेतले, पण नीट कोरडे झाले नव्हते. तेलात पडताच ताडताड उडायला लागले. मी झाकणाची ढाल करून गॅस बंद केला. हे टेबलाखाली शिरले आणि तिथूनच मला सुरक्षिततेवर व्याख्यान दिलं. एक चणा अजून छताला चिकटलाय. काढ म्हणाले. नाही काढणार.

मग मी हट्टालाच पेटले. उकडलेले चणे यांच्या दवाखान्यातल्या टॉवेलांवर पसरून दिवसभर पंख्याखाली वाळवले. (त्या दिवशी दवाखान्यात पेशंटच्या गळ्याला उशांचे अभ्रे बांधले म्हणे.) तेलाचा हात लावून ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजले आणि गरम असतानाच तिखट, मीठ, जिरेपूड, आमचुरात घोळवले. ताई, वाडग्यात ओतले तर खड्यांसारखे खणखणले! यांनी मूठभर तोंडात टाकले. कट्‌कन आवाज आला. माझे तर डोळेच भरून आले. म्हटलं, "ऐकलंत? याला म्हणतात कुरकुरीत!"

तो आवाज दाढेचा होता.

स्वतःच्या तोंडात स्वतःला काम करता येत नाही, म्हणून समोरच्या दवाखान्यात जावं लागलं. तिथे यांचाच जुना असिस्टंट बसतो, आणि त्याच्याबद्दल हे काय काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याने अगदी आदराने विचारलं, "सर, असं काय कडक खाल्लंत?" यांना बोलता येईना, म्हणून मीच पुढे झाले. "माझ्या हातचे चणे," म्हटलं. मान ताठ ठेवून म्हटलं. घरी येताच यांनी फर्मान काढलं: या घरात चणे राहतील नाहीतर मी राहीन. मी म्हटलं, चणे राहतील. यांनी बॅग भरली.

तर ताई, समजूत घालायला फोन करणार असाल तर करू नका. मी माफी मागणार नाही. इतकी वर्षं मऊ शिजवलं, मऊ बोलले, काय मिळालं?

तुमची,
भावजय

ता. क. चण्यांचा डबा कुठे दिसत नाही. यांच्या बॅगेत कपड्यांखाली जरा बघाल का?

आणखी एक ता. क. डबा रिकामा सापडला तर नुसता डबा पाठवू नका, सोबत माणूसही पाठवा. घर फार गप्प झालंय. नवे चणे भिजत घातलेत. मऊ करणार नाही, आधीच सांगून ठेवा. पण डावीकडच्या दाढा अगदी भक्कम आहेत, असं समोरच्याकडून मी खात्री करून घेतलीय.