न धुतलेली शाल

५ मार्च
पुन्हा शिंका. सकाळपासून डोळ्यांतून पाणी. शेजारच्या काकू जिन्यात थांबल्या. "रडून घ्या, हलकं वाटेल," म्हणाल्या. मी मान हलवली. रडत नव्हतो. बायको गेली तेव्हाही रडलो नाही.

८ मार्च
खळ आंबली होती. मला वासच कळला नाही — तीच पुठ्ठ्यांना फासत बसलो. छापखान्याच्या बांधणीखात्यात सगळ्यांच्या नाकाला रुमाल. फोरमन म्हणाला, "मास्तर, नाकाने कांदे सोलायचे म्हटले तरी आधी नाक लागतं हो." सगळे हसले. मीही हसलो असेन.

खळीचं काही नाही. पण बायकोची शाल आहे. ती गेल्यापासून धुतलेली नाही. रात्री देवाचं नाव घेऊन तोंडावर ओढतो. आधी तिचा वास यायचा. नाक चोंदल्यापासून बाम चोळून झोपतो, तरी शालीला वास नाही. नुसती लोकर.

१२ मार्च
डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. झाडांचे पराग, म्हणाल्या. कठड्यावर रोज पिवळी भुकटी बसते, ती समोरच्या झाडाची — तीच बाधते. गावच्या शाळेत गुरुजींनी पराग फुलात काढायला शिकवले होते. नाकात निघतील हे कुठे बोलले!

नाकात रोज फवारा मारायचा. गुण सावकाश येईल, मध्येच सोडायचा नाही. वारा असेल तेव्हा खिडक्या बंद. बाहेरून आलं की तोंड, केस धुवायचे. कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत.

मग त्यांनी अंथरूण-पांघरुणाचं विचारलं. शालीचं सांगितलं. कुबट होऊ नये म्हणून रोज सकाळी कठड्यावर टाकतो, तेही सांगितलं. त्या लिहायच्या थांबल्या.
"म्हणजे दिवसभर पराग गोळा करता आणि रात्री तोंडावर घेता. आधी ती धुवा."

१३ मार्च
नाही धुतली.

१९ मार्च
फवारा चालू. खिडक्या बंद. शाल आता बाहेर टाकत नाही, पण घेतो तीच. नाक बंदच.

धुवावी तर नाक उघडेल, मग हुंगायचं काय? न धुवावी तर वास आहे, नाक नाही. देवापुढे बसलो. काय मागावं ते सुचलं नाही. तसाच उठलो.

डोळ्यांत तेल घालून जपली आहे ती.

२२ मार्च
लेक आली. तिला म्हटलं, धुण्याआधी तू एकदा हुंग. आईचा वास कसा येतो, तेवढं सांग. तिने शाल तोंडाशी धरली. बराच वेळ.
"बाबा, तुमच्या बामचा येतोय."
"आणि?"
"एवढाच."

शाल धुतली. घरातच वाळत घातली.